अकरा ठिकाणचे दैव

मधुकर,

मागच्या आठवड्यात नागपूरच्या नंदनवन भागातल्या सभागृहात तुला श्रद्धांजली वाहिली गेली. तू शांत होतास, मितभाषी होतास, आयुष्यात कोणाचे मन दुखावले नाहीस, असे तीन वक्त्यांनी सांगितले. चौथ्याने तुला अजातशत्रू ठरवले. दुसऱ्या रांगेत बसून मी विचार करत होतो की, मग साठ वर्षे मी भांडलो तरी कोणाशी? अजातशत्रू माणसाच्या घरी मी चहालासुद्धा गेलो नसतो. गेलेल्या माणसाला असे घासून गुळगुळीत करण्याची रीत मला मान्य नाही. तुलाही नव्हती.

पण ते चौघे निरुपद्रवी होते. पाचवा तुझा मुलगा होता.

निखिल नीटनेटके बोलला. हातात तुझ्या भाषांतराचे बाड होते. “बाबांनी मधल्या काळात देव सोडला होता, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “पण शेवटी ते परत आले. शेवटच्या प्रकरणात त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा ठिकाणी ‘दैव’ हा शब्द लिहिलाय. समासात लाल शाईनं सूचनाही आहे, ‘पुन्हा लिहा’. म्हणजे हाच शब्द सगळीकडे घ्यायचा. म्हणून पुस्तकाचं नाव आम्ही ‘दैवयोग’ ठेवतोय.”

मी उठलो. “हे खरे नाही,” मी म्हणालो. माझा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. “तो कुठेही परतला नव्हता. गेला त्या सकाळीही नाही.”

निखिल दुखावला, पण अदबीने खाली उतरला आणि त्याने ते पान माझ्यासमोर धरले. “काका, अक्षर बाबांचंच आहे ना? तुम्हीच पाहा.”

मी पाहिले. लाल शेरा तुझा होता. पेन्सिलीने लिहिलेले ‘दैव’ तुझे नव्हते. ते माझे होते.

हे तेव्हाच, त्या माणसांसमोर, एका वाक्यात सांगता आले असते. मी खाली बसलो. मला गहिवरून आले असे समजून कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी ती घेतली. हा मजकूर त्यासाठी लिहितो आहे.

निखिलची चूक मी मोठी मानत नाही. आपली दोघांची अक्षरे एकाच मास्तरांच्या कित्त्यावर घडली. ‘द’ची शेपूट आत वळवायची आणि ‘व’चे पोट गोल ठेवायचे, नाहीतर बोटांवर पट्टी. सहावीत माझ्या निबंधावर मास्तरांनी ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला, तेव्हा मला ताप होता, आणि तो निबंध तू माझ्या वहीत उतरवून दिलास. मास्तरांना कळले नाही. वही परत देताना तू म्हणालास, “पंडित, तुझं व्याकरण बरोबर हाय, पण तू चूक हायेस.” तेव्हापासून मी तुझ्यासाठी पंडित झालो. पुढे मी मराठी शिकवले, तू इंग्रजी शिकवलेस, आणि आपल्या वादांना दोन भाषा मिळाल्या.

हे पुस्तक तुझ्याकडे कसे आले, याचीही एक खोटी कथा सध्या फिरते आहे. परदेशातल्या भाच्याने खास पाठवले म्हणे. तू ते जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलले होतेस, आणि दोन वर्षे ते तुझ्या टेबलफॅनखाली उंची देण्यासाठी पडून होते. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या ज्यू माणसाने म्हातारपणी लिहिलेली ती आठवण. छळछावणीतून तो जिवंत बाहेर आला. त्याचा धाकटा भाऊ आला नाही. एका सकाळी कैद्यांना रांगेत उभे केले होते आणि शिक्षा म्हणून मोजून माणसे बाहेर काढत होते. याच्या पायातला लाकडी बूट निसटला. तो घालायला हा वाकला, तेवढ्यात मागचा भाऊ पुढे सरकून याच्या जागी उभा राहिला. मोजणारे बोट भावावर थांबले. एवढेच घडले. त्यापुढची पन्नास वर्षे तो माणूस घड्याळे दुरुस्त करत राहिला, आणि कोणी विचारले की एकच उत्तर देई: माझे ‘लक’. देवाने वाचवले, असे तो एकदाही म्हणाला नाही. कारण तसे म्हटले तर त्याच देवाने भावाकडे बोट दाखवले असेही म्हणावे लागेल, आणि अशा देवाची प्रार्थना मला येत नाही, असे त्याने लिहिले आहे. त्यांच्यात मृतांसाठी जी प्रार्थना म्हणतात तिच्यात मृताचे नाव नसते, मरणाचा उल्लेखही नसतो, सगळी देवाची स्तुती असते. त्याने ती सोडली. तिच्याऐवजी तो रोज सकाळी पहिले घड्याळ उघडताना भावाचे नाव मोठ्याने घेई.

पंख्याखालून तू ते पुस्तक काढलेस ते धंतोलीच्या रुग्णालयातून परत आल्यावर. ती हकीकत तू दोघांनाच सांगितली होतीस, सुमनवहिनींना आणि मला. मी ती इथे उघड करतो आहे. रागावायचे असेल तर रागाव.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात तू इतर रुग्णांसोबत खुर्चीवर बसून होतास. खाट रिकामी झाली की सिस्टर दारात येऊन नंबर पुकारायची. तुझ्या हातात पंधरा नंबरची चिठ्ठी होती. शेजारच्या खुर्चीत चौदा नंबर होता. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात तागे उलगडून दाखवण्याचे काम करणारा, पन्नाशीचा गृहस्थ. सकाळपासून तुम्ही शेजारी होतात. धाप लागलेली असतानाही त्याने तुझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून “सर, हे धुतल्यावर आटते, पुढच्या वेळी पाहून घेजा” असे सांगितले होते. दुपारी त्याची मुलगी फाटकाशी डबा घेऊन आली. वर सोडत नव्हते, म्हणून तो जिना उतरून खाली गेला. आणि सिस्टर दारात आली.

“चौदा. चौदा नंबर? नाही का? पंधरा.”

“मी हात वर केला गा,” तू मला सांगितलेस. “तो जिन्यावर हाय, हे मले माहीत होतं. मी बोललो नाही. मले बोलता आलं असतं का नसतं, तेच आता आठवत नाही. पण हात वर झाला.”

संध्याकाळी तो त्याच खुर्चीत गेला, हे तुला तिसऱ्या दिवशी कळले. त्याचे नाव तू विचारलेच नव्हतेस. बरा झाल्यावर गांधीबागेत दुकानामागून दुकान हिंडलास, हे श्रद्धांजलीच्या भाषणांत कोणी सांगितले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक दुकानातले एखादे माणूस गेले होते. नेमका कोणता, हे तुला शेवटपर्यंत कळले नाही.

तू घरी आलास तेव्हा पहिला मीच आलो होतो. आणि काय बोललो होतो, तेही लिहितो. मी अभिमानाने म्हणालो, “मी गणपतीला एकवीस मंगळवार बोललो होतो. म्हणून देवाने तुला वाचवले.”

 तू विचारलेस, “त्या चौदा नंबरसाठी कोणी बोललं नसन का? त्याच्या पोरीनं? ती तर फाटकाशीच उभी होती.”

 मी म्हणालो, “देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत.” आयुष्यात मी तुझ्यासमोर केलेल्या सगळ्या विधानांपैकी हे सर्वांत आळशी विधान होते.

“पंडित,” तू म्हणालास, “‘वाचलो’ म्हटलं की गोष्ट माझ्यापाशी संपते. ‘वाचवलं’ म्हटलं की वाचवणारा शोधा लागते. अन् तो सापडला, तर मले त्याले फार विचारायचं हाय.”

व्याकरण बरोबर होते. त्या दिवसापासून तू देवघरापाशी थांबला नाहीस. वहिनींना दिवा लावू दिलास, वाती वळून दिल्यास, फुलेही आणलीस, पण हात जोडले नाहीस. आणि भाषांतराला लागलास.

आता अपुऱ्या राहिलेल्या वादाकडे येतो. आपले फाटले होते, असे तुझ्या साडूने सभेनंतर चपला घालताना सांगितले. फाटले नव्हते. एका शब्दावर अडले होते. तो माणूस शेवटच्या प्रकरणात अकरा वेळा जे ‘लक’ म्हणतो, त्याला मराठीत काय म्हणायचे? ‘लक’च ठेवू, असे तू म्हणालास. मी ठाम नकार दिला. इतकी शतके लोक जगले आणि मेले त्या भाषेत यासाठी शब्द नाही, हे मी ऐकून घेणार नव्हतो. ‘दैव’ आहे ना, मी म्हणालो.

तू उठून कूलर बंद केलास. वाद गंभीर झाला की तू कूलर बंद करायचास, म्हणजे एकही शब्द निसटायला नको. मग भर मे महिन्यात आपण दोघे घामाने निथळत बसायचो.

“दैवात देव बसला हाय. त्याले उठव पहिले.”

“मग भाग्य घे.”

“भाग म्हणजे वाटा. वाटणारा कोण?”

“नशीब.”

“तोही वाटाच. फक्त वाटणारा फारसी बोलते.”

“प्रारब्ध,” मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला ते नको होते.

तू आवाज चढवला नाहीस. “म्हणजे त्याच्या धाकट्या भावानं मागच्या जन्मी काही केलं होतं? असं मी त्या घड्याळवाल्याच्या तोंडात घालू?”

‘योगायोग’ आपण दोघांनीही नाकारला. योगायोगाने बाजारात शाळेतला मित्र भेटतो. वहिनी मधे येऊन म्हणाल्या, “तुमचा शब्द सापडेपर्यंत मी कूलर लावते,” आणि त्यांनी तो लावला. तू पुन्हा बंद केलास.

पुढच्या आठवड्यात तू मला बोलावून घेतलेस. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचे हसू होते. शब्द सापडला, म्हणालास, आणि वाचून दाखवलेस: “भावाचा नंबर लागला. माझा लागला नाही.”

मी भडकलो. नंबर लागणे ही रेशनच्या रांगेतली मराठी झाली, मी म्हणालो. गॅसच्या सिलिंडरला नंबर लागतो, कॉलेजच्या प्रवेशाला लागतो. एवढ्या मोठ्या दुःखाच्या पुस्तकात हे बाजारू बोलणे शोभणार नाही.

“तो रांगेतच होता गा,” तू म्हणालास.

मी ऐकले. मला ते कळलेही. नागपुरात नंबर लागला म्हणजे आनंद असतो. त्याच्या रांगेत नंबर लागणे म्हणजे मरण होते आणि न लागणे म्हणजे पुढची पन्नास वर्षे. धंतोलीच्या व्हरांड्यात तुझा नंबर लागला होता, आणि तुझ्या आधीच्याचा लागायचा राहिला होता. त्या दोन शब्दांत देव नव्हता, वाटणारा नव्हता, मागचा जन्म नव्हता. एक रांग होती आणि दारातून आलेला आवाज. हे सगळे मला तुझ्या खोलीत, कूलर बंद असताना, उभ्या उभ्या कळले होते. पण मी तेव्हा मानले असते, तर माझे एकवीस मंगळवार कुठे गेले असते? मी मराठीसाठी भांडत नव्हतो, मधुकर. माझ्या नवसासाठी भांडत होतो. आणि ते मराठीच्या आड लपून करत होतो.

“घेऊन जा पानं,” तू म्हणालास. “तुले याहून बरं सुचलं तर लिही.”

मी पाने नेली. अकरा ठिकाणी तुझी ओळ पेन्सिलीने खोडली, वर ‘दैव’ लिहिले, आणि दुपारी तू झोपलेला असताना पाने वहिनींच्या हाती देऊन आलो. उठवू का, त्यांनी विचारले. नको, मी म्हणालो. एकोणीस दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली. आधी तू करावास, मी का करू? विसाव्या दिवशी फोन आला तो निखिलचा.

म्हणून त्या पानावरचा लाल शेरा पाहून मी खाली बसलो. तू पाने पाहिली होतीस, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. ‘पुन्हा लिहा’ ही निखिलसाठी सूचना नव्हती. तो शेरा होता. सगळे चूक असल्यावर मास्तर वहीवर मारतात तो. सभागृहातल्या इतक्या माणसांत तो एकट्या मला वाचता येत होता.

सभेनंतरच्या चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. निखिल मुद्रकाला फोन लावण्याच्या बेतात होता. मी त्याला बसवले. वहिनींनी काही न विचारता कूलर बंद केला.

मी सगळे सांगितले, चौदा नंबरपासून. पेन्सिलीचे ‘दैव’ माझे आहे, हेही सांगितले. निखिलने ते पान पुन्हा उजेडात धरले.

“काका, मग सभेत का नाही सांगितलं? मी एवढ्या लोकांपुढं बोललो.”

बोलता आले असते का नसते ते आठवत नाही, असे तू म्हणू शकत होतास. तुझ्या छातीत तेव्हा हवा नव्हती. मला तसे म्हणता येत नाही. मला बोलता आले असते. मी त्याला तेवढेच म्हणालो.

“मले वाटलं होतं,” तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी प्रथमच तुझी बोली ऐकली, “मले वाटलं होतं का बाबा शेवटी कोणाच्या तरी भरवशावर गेले. एकटे नाही गेले.”

 मी जिंकायला आलो होतो, आणि समोर कोणी भांडायलाच नव्हते. उत्तर वहिनींनी दिले. “देव माझ्याकडं होता, त्यांच्याकडं नव्हता. एका घरात दोन्ही चाललं. मी दिवा लावत होते, ते वाती वळून देत होते. एकटे कसे?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी तुमची पानं पाहिली त्या दिवशी ते किती हसले, ठाऊक आहे? मला तेव्हा काही उमगलं नाही. म्हणे, सहावीत याचं ‘पुन्हा लिहा’ मी लिहून दिलं होतं. अजून बाकी आहे याच्याकडं. येईल तेव्हा समोर बसवतो अन् त्याच्याच हातानं लिहून घेतो.”

तू हसला होतास. एकोणीस दिवस तू माझी वाट पाहत होतास, आणि रागावून नाही. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी धावत आलो असतो. असे लिहिले खरे, पण ते मलाच पटत नाही. आलो असतो आणि दारातच पुन्हा ‘दैव’ कसे बरोबर, ते सांगायला लागलो असतो. मग तू कूलर बंद केला असतास.

बाडाच्या पहिल्या पानावर तुझ्या हातची अर्पणपत्रिका होती: ‘चौदा नंबरला’. चौदाव्या पानासाठीची टीप चुकून इथे लिहिली गेली असावी, असे समजून निखिलने तिच्यावर काट मारली होती. आता त्याने स्वतःच ती अर्पणपत्रिका खाली नीट अक्षरात पुन्हा लिहिली. पुस्तकाचे नाव अजून ठरायचे आहे. ‘दैवयोग’ नाही, एवढे ठरले.

मी अजूनही मंगळवारी गणपतीला जातो. तुझ्यामुळे माझा देव गेला, असे कोणी सांगत फिरले तर तेही खोटे असेल. मात्र आता रांगेत उभा राहिलो की माझ्या पुढचा माणूस कोण, ते पाहून घेतो. कधी कधी त्याचे नाव विचारतो. लोक चमकतात, पण सांगतात.

निखिलने मला तुझ्या टेबलाशी बसवले. टेबलफॅनखाली आता दुसरे पुस्तक आहे. मी खोडरबर घेतला आणि अकराही ठिकाणचे दैव पुसले. तुझ्या ओळी खाली होत्या, पण माझ्या पेन्सिलीच्या दाबाने कागद फाटल्यासारखा झाला होता, वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक ठिकाणी ती ओळ शाईने नव्याने लिहिली. मास्तरांच्या कित्त्याप्रमाणे ‘व’चे पोट गोल. उद्या मुद्रकाला अक्षर तुझेच वाटेल. या वेळी मी कोणाची चूक दुरुस्त करणार नाही.

भावाचा नंबर लागला. माझा लागला नाही.

पुन्हा लिहिले आहे, मधुकर. माझ्याच हाताने.